एकाच पाण्यातून लोह, तांबे, जस्त आणि निकेल वेगळे काढताना

चिपळूण-खेड पट्ट्यातील एका लहान कारखान्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण रसायनतज्ज्ञ मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पितळी, लोखंडी आणि निकेलचा मुलामा असलेले सुटे भाग सल्फ्युरिक आम्लात धुतल्यावर जे पाणी उरते, त्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) २.५ आहे आणि त्यात दर लिटरमागे लोह २ ग्रॅम, तांबे १.५ ग्रॅम, जस्त १.२ ग्रॅम आणि निकेल ०.४ ग्रॅम आहे. कोणता धातू कोणत्या पीएचला गाळ होऊन पडतो याचा पाठ्यपुस्तकातील तक्ता समोर ठेवून तिने कॉस्टिक सोड्याने पीएच आधी ४, मग ७ आणि शेवटी ९.५ वर नेला आणि प्रत्येक टप्प्यावर पडलेला गाळ गाळून घेतला. लोहाच्या गाळात तांबे सापडले, तरीही काही लोह पाण्यातच राहिले. तांब्याच्या गाळात बहुतेक सगळे जस्त उतरले. आणि शेवटच्या गाळात निकेलबरोबर उरलेले जस्त व थोडे लोहही आले. तक्ता चुकला की माझी पद्धत चुकली, असे ती विचारते.

तक्ता बरोबर आहे. मात्र तुमच्या तीन टप्प्यांत जे बिघडले, त्याची कारणे तीन वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली तर उपायही चुकतात, म्हणून मी ती सुटी करून सांगतो.

सर्वांत सोपे कारण जस्ताचे आहे, कारण ते तक्त्याच्या ढोबळपणातच दडलेले आहे. तक्त्यात 'तांबे ७ पर्यंत, जस्त ७ नंतर' असे ढोबळ लिहिलेले असते, पण धातूचा गाळ कोणत्या पीएचला पडू लागेल हे त्या धातूचे प्रमाण किती आहे यावर ठरते. जस्त हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (ते पाण्यात किती विरघळून राहू शकते हे ठरवणारा आकडा) सुमारे ३ × १० चा उणे १७ वा घात इतका धरला, तर पीएच ७ ला पाण्यात लिटरमागे जेमतेम २०० मिलिग्रॅम जस्त राहू शकते. तुमच्याकडे १२०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे उरलेले हजारभर मिलिग्रॅम ७ ला पडणारच होते. हेच गणित तुमच्या आकड्यांवर उलटे केले, तर १.२ ग्रॅम जस्त पडायला सुरुवात होते ती पीएच ६.६ च्या आसपास. तांब्याचे गणित असे की १.५ ग्रॅम तांबे पीएच ५ ला पडू लागते, ६ ला पाण्यात सुमारे १४ मिलिग्रॅम उरते आणि ६.५ ला १.४ मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर तुम्हाला जागा आहे, पण ती ६.५ आणि ६.६ यांच्यामधली आहे. कारखान्यातला पीएच मीटर इतक्या बारीक फरकावर विसंबण्याजोगा नसतो. म्हणून तांब्यासाठी मी ६ च्या पुढे जाऊ नका असे सांगेन. लिटरमागे जे पंधराएक मिलिग्रॅम तांबे मागे राहील ते जस्ताबरोबर जाऊ द्यावे. तांब्याच्या गाळातले हजार मिलिग्रॅम जस्त आणि जस्ताच्या गाळातले पंधरा मिलिग्रॅम तांबे यांतली निवड अवघड नाही. शिवाय सल्फेटच्या पाण्यात तांबे शुद्ध हायड्रॉक्साइड म्हणून न पडता फिकट हिरवट-निळ्या बेसिक सल्फेटच्या रूपात पडते आणि ते कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडे आधीच पडू लागते. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

दुसरे कारण लोहाचे. पीएच ४ ला गाळल्यानंतरही पाण्यात लोह राहिले, याचा अर्थ ते लोह फेरस रूपात (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) होते. आम्लाने लोखंड खाल्ले की पाण्यात उतरते ते फेरस लोहच. फेरिक (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले) ते नंतर, हवेने किंवा ऑक्सिडीकारकाने होते. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार सुमारे २.८ × १० चा उणे ३९ वा घात, त्यामुळे पीएच ३.५ लाच ते जवळजवळ संपूर्ण पडते. फेरस मात्र ७ च्या पुढे जस्ताच्या आणि निकेलच्या गर्दीत पडते आणि तिथे त्याला वेगळे काढण्याची सोय उरत नाही.

जांभ्याच्या कातळात खोदलेल्या विहिरीचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. काही विहिरींचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते, हंड्यात भरून ठेवले की दुसऱ्या दिवशी तळाशी तांबूस गाळ बसतो आणि हंड्याच्या काठावर गंजाची रेघ उमटते. पाणी तेच असते. जमिनीखाली हवेविना फेरस असलेले लोह हवा लागताच फेरिक होऊन बाहेर पडते. पाणी आम्लधर्मी असेल तर मात्र हवेने होणारे हे काम फार मंदावते आणि पीएच २.५ च्या तुमच्या पाण्यात ते दिवसेंदिवस रेंगाळेल. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. एक ग्रॅम फेरस लोहाला शुद्ध पेरॉक्साइड सुमारे ०.३ ग्रॅम लागते. बाजारातले ५० टक्क्यांचे द्रावण असेल तर तुमच्या पाण्याला लिटरमागे एक मिलिलिटरच्या आसपास, आणि थोडे जास्त, कारण लोह आणि तांबे दोन्ही पेरॉक्साइडचे विघटन घडवतात आणि त्यात काही भाग फुकट जातो. त्याच कारणाने ते एकदम ओतू नये. पाणी तापते, फेसाळते आणि टाकीबाहेर येऊ शकते. काम झाले की नाही हे रंगावरून ठरवू नका. पांढऱ्या फरशीवर एक थेंब घेऊन त्यात पोटॅशियम फेरिसायनाइडच्या ताज्या द्रावणाचा थेंब टाका. गडद निळा रंग आला तर फेरस अजून आहे. तांब्यामुळे हिरवट-पिवळी छटा येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. निळा लपत नाही.

तिसरे कारण, म्हणजे लोहाच्या गाळात तांबे का आले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण या कामात माणसे वर्षानुवर्षे तिथेच अडकतात. पीएच ४ ला तांब्याचा गाळ पडण्याचे कागदावर काहीच कारण नाही. हिशेबाने त्या पीएचला लिटरमध्ये दोन मोल तांबे विरघळून राहू शकते, म्हणजे तुमच्या पाण्यात आहे त्याच्या कितीतरी पट. तरीही तांबे आले.

याचे उत्तर पाहायचे असेल तर एका बीकरमध्ये हे पाणी घ्या, ढवळणे बंद ठेवा आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब पृष्ठभागावर सोडा. थेंब जिथे पडतो तिथे क्षणात दह्याच्या कवडीसारखा एक गोळा तयार होतो. आतून तांबूस, कडेला निळसर. काचेच्या कांडीने ढवळले की निळसर भाग विरघळत जातो, तांबूस राहतो. पाण्याचा पीएच मोजला तर तो अजून २.५ च असतो, पण त्या थेंबाच्या जागी, त्या क्षणी, तो १३ होता आणि तिथे चारही धातू एकदम खाली आले होते. जस्त, निकेल आणि बरेचसे तांबे पुन्हा विरघळते, परंतु लोहाच्या जिलेटिनसारख्या गोळ्याच्या पोटात जे अडकले त्याच्यापर्यंत आम्ल पोहोचत नाही. मीटर सरासरी दाखवतो. गाळ सरासरीत तयार होत नाही, तो थेंबाच्या कडेला तयार होतो. निवडक अवक्षेपणाचे, म्हणजे एकेक धातू वेगळा गाळ करून पाडण्याचे, सारे कौशल्य मला या एका गोष्टीत दिसते: गाळ पाडणारे द्रव्य पाण्यात सगळीकडे सारखे आणि सावकाश पोहोचले पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका कारखान्यात रात्रपाळीला असताना पाचशे लिटरच्या टाकीत ४० टक्के कॉस्टिकचा कॅन मी घाईने रिकामा केला. मीटर ३.८ वर स्थिर होता, म्हणून मला समाधान वाटले. सकाळी फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारे यंत्र) उघडला तेव्हा वड्या तपकिरी असायच्या त्याऐवजी शेवाळी रंगाच्या निघाल्या, तांब्याचा मोठा हिस्सा त्यांत गेला होता आणि ती सगळी टाकी पुन्हा आम्लात विरघळवावी लागली. तेव्हापासून मी मीटरच्या आधी ढवळणीकडे आणि नळीच्या तोंडाकडे पाहतो.

लोहाच्या गाळात तांबे तीन वाटांनी येते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिली वाट ओल्या गाळात राहिलेल्या मूळ पाण्याची. तुमच्या लिटरभर पाण्यातून सुमारे ३.८ ग्रॅम कोरडा फेरिक हायड्रॉक्साइड निघतो. गाळलेल्या वडीत ८० टक्के पाणी असेल तर त्याबरोबर १५ मिलिलिटर मूळ पाणी आणि त्यातले २३ मिलिग्रॅम तांबे जाते, म्हणजे एकूण तांब्याच्या दीड टक्का. हे नुसत्या धुण्याने निघते. मात्र साध्या पाण्याने फार धुतले तर लोहाचा गाळ सुटून गाळणीतून तांबूस पाणी येऊ लागते, म्हणून प्रयोगशाळेत एक टक्का अमोनियम नायट्रेटचे गरम पाणी वापरतात. टाकीवर थोडे सोडियम सल्फेट घातलेले पाणी चालते. दुसरी वाट गाळाच्या पृष्ठभागाला चिकटण्याची. लोहाच्या ताज्या गाळाचा पृष्ठभाग अफाट असतो आणि तांबे त्याला जस्त आणि निकेलपेक्षा अधिक घट्ट धरते. पीएच ५ च्या पुढे तर ते झपाट्याने चिकटते. यासाठी लोह ३.५ लाच काढून टाकायचे, ४ पर्यंतही थांबायचे नाही. तिसरी वाट वर सांगितलेली, पोटात अडकण्याची. तिला धुणे उपयोगाचे नाही. ती एकतर होऊ द्यायची नाही, नाहीतर गाळ थोड्या आम्लात पुन्हा विरघळवून पुन्हा पाडायचा. पहिल्या खेपेस एक दशांश तांबे अडकले असेल तर दुसऱ्या खेपेस साधारण शतांश उरते, म्हणून जुने विश्लेषक दुसऱ्यांदा पाडल्याशिवाय लोहाचा आकडा लिहीत नसत.

ते होऊ न देण्याचे साधन कोकण किनाऱ्यावर फुकट पडलेले आहे. शिंपले भाजून चुना करण्याची रीत इथे जुनी आहे, पण लोहासाठी मी शिंपले न भाजता, नुसते वाटून वापरा असे सांगेन. शिंपला म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. भाजून विरवलेल्या चुन्याचा कण पाण्यात पडला की त्याच्याभोवती पीएच १२.४ पर्यंत चढतो. न भाजलेल्या पुडीचा कण आम्ल असेपर्यंत विरघळतो आणि त्याच्याभोवती पीएच ६ च्या फारसा वर जात नाही. म्हणजे थेंबाच्या कडेची जी आपत्ती कॉस्टिकमध्ये होते ती इथे द्रव्याच्या स्वभावानेच टळते. एकाच शिंपल्याची ही दोन रूपे किती निराळी आहेत हे सांगायला एक उदाहरण पुरे: १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर फ्रीपोर्ट येथे डाऊ कंपनीने समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम काढायला सुरुवात केली ती कालवांचे शिंपले भाजून केलेल्या चुन्यानेच, कारण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पडायला पीएच १० च्या आसपास न्यावा लागतो आणि तिथे कच्च्या पुडीचा काही उपयोग नाही.

या पुडीचे तोटेही सांगितले पाहिजेत. एक ग्रॅम फेरिक लोहाला सुमारे २.७ ग्रॅम कार्बोनेट लागते, मोकळ्या आम्लाला त्याच्या वजनाइतके आणखी. सल्फेटच्या पाण्यात त्याचे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) होते; तुमच्या २ ग्रॅम लोहामागेच ते ९ ग्रॅमच्या घरात जाते आणि त्यातले दोन-अडीच ग्रॅम विरघळलेले राहून पुढच्या टप्प्यांत डोके वर काढते. गाळाचे वजन वाढते. मात्र हा गाळ स्फटिकी असल्याने चांगला गाळला जातो आणि लोहाच्या गाळाला विकून किंमत येणार नसते, म्हणून त्यात जिप्सम आल्याने नुकसान नाही. तांब्याच्या किंवा निकेलच्या टप्प्यावर मात्र चुना किंवा शिंपल्याची पूड मी कधीही वापरणार नाही. दुसरे, पूड मैद्यासारखी बारीक हवी. जाड कणावर जिप्समचा थर बसतो आणि आतला भाग तसाच राहतो. तिसरे, पूड जास्त झाली आणि पाणी तसेच राहिले तर तांबे त्या कणांवर हिरवे होऊन बसते. म्हणून पूड पाण्यात कालवून थोडी थोडी घालावी, प्रत्येक वेळी फेस बसेपर्यंत थांबावे आणि मीटर ३.२ दाखवू लागला की हात आखडता घ्यावा. मागचे कण विरघळून तो आपोआप ३.५ ला येतो. कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, म्हणून टाकीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा.

हे काम पाणी ७० अंशांपर्यंत तापवून केले तर गाळ दाट होतो, आणि गरम पाण्यात लोह थोड्या खालच्या पीएचलाच पडते. आधीच्या खेपेचा दहावा हिस्सा गाळ टाकीत राखून त्यावर नवे पाणी घेतले तर नवा गाळ जुन्या कणांवर चढतो आणि जड होतो. इथल्या पावसाळ्यात या गोष्टीला फार किंमत आहे, कारण जून ते सप्टेंबर गाळ उघड्यावर वाळत नाही; प्रेसमधून जितके पाणी निघेल तितकेच निघाले असे धरून चालावे लागते.

प्रयोगशाळेत याहून सुंदर रीत आहे. पाण्यात युरिया विरघळवून उकळत ठेवला की तो सावकाश फुटून अमोनिया सोडतो आणि सोडतो तो द्रावणाच्या प्रत्येक बिंदूत, एकाच वेळी; थेंबाची कडच उरत नाही. विलार्ड आणि टँग या रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ साली ॲल्युमिनियमसाठी ही रीत मांडली. तिने पडणारा गाळ हातात घेतला तर रेतीसारखा लागतो, नेहमीच्या चिकट गाळाशी त्याचे काही नाते आहे असे वाटत नाही. टाकीवर मात्र ती वापरू नका, कारण मागे अमोनिया राहतो, आणि अमोनियाबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे.

गुणात्मक विश्लेषणात (नमुन्यात कोणते धातू आहेत ते ओळखताना) लोहाच्या, म्हणजे तिसऱ्या गटासाठी अमोनियम क्लोराइड घालून मग अमोनिया घालतात, हे तुम्ही बी.एस्सी.ला केले असेल. तिथे क्लोराइड कशासाठी, याचे उत्तर बहुतेक विद्यार्थी पाठ करतात, हिशेब करीत नाहीत. दशांश मोलर अमोनियाचा पीएच ११ च्या वर असतो; त्यात एक मोलर अमोनियम क्लोराइड असेल तर तो ८.३ च्या आसपास उतरतो. दशांश मोलर मॅग्नेशियम पहिल्यात ताबडतोब पडते, दुसऱ्यात मुळीच पडत नाही. तांबे, निकेल आणि जस्त तर अमोनियाशी संयुगे करून विरघळलेलेच राहतात आणि लोह एकटे खाली येते. तुमचा नमुना तपासण्यासाठी ही रीत उत्तम आहे. पण कारखान्यात ती वापरली की अमोनिया सगळ्या पाण्यात पसरतो, पुढे तांबे आणि निकेल कितीही पीएच चढवला तरी पूर्ण सुटत नाहीत, आणि निळसर झाक असलेले ते पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उभा राहतो. सायट्रेट किंवा ईडीटीए यांसारखी, धातूला विरघळलेलेच धरून ठेवणारी रसायने असलेली साफसफाईची द्रव्ये या पाण्यात मिसळली असतील तरी तेच होते. कोणता टप्पा कितीला ठेवायचा हे ठरवण्याआधी टाकीत येणाऱ्या प्रत्येक बादलीत काय असते हे तुम्ही कामगारांना स्वतः विचारून घ्या. कागदपत्रांत ते नसते. सायनाइडच्या मुलाम्याचे पाणी चुकूनही या आम्लाच्या टाकीत येता कामा नये, त्यातून निघणारा वायू जीव घेतो.

तांब्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, लोह काढल्यानंतर धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने पीएच सावकाश ६ वर नेऊन गाळ पाडणे. कॉस्टिकने पाडलेला निळा गाळ ७०-८० अंशांवर थोडा वेळ ठेवला तर काळा ऑक्साइड होतो आणि कितीतरी लवकर गाळला जातो. सोड्याने पाडलेला हिरवट गाळ इतका बदलत नाही, पण तो मुळातच दाणेदार असतो. दुसरी वाट अवक्षेपणाच्या व्याख्येत नीट बसत नाही, पण तुमच्या जागी मी तीच आधी करून पाहीन: लोह काढण्यापूर्वीच पाणी लोखंडाच्या कातरणीवरून फिरवायचे. तांबे धातुरूपात कातरणीवर बसते, निकेल आणि जस्त जसेच्या तसे राहतात. एका ग्रॅम तांब्यामागे ०.८८ ग्रॅम लोखंड विरघळते, म्हणजे लोहाचे प्रमाण २ वरून ३.३ ग्रॅमवर जाईल आणि पेरॉक्साइड व गाळ त्या हिशेबाने वाढेल. पाण्यात फेरिक लोह असेल तर तेही कातरण खाते, म्हणून हे पेरॉक्साइडच्या आधी करायचे. हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा मोकळी आणि ठिणगीपासून दूर हवी.

सोडियम सल्फाइडने आम्लधर्मी पाण्यातून तांबे अतिशय स्वच्छ वेगळे होते, जस्ताला हातही लागत नाही, हे खरे आहे. तरीही लहान कारखान्यात मी त्याची शिफारस करीत नाही. आम्लात सल्फाइड पडले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या खड्ड्यात साचतो, आणि प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच मरते, म्हणून वास थांबला की माणसाला धोका टळला असे वाटते. वायुमापक, बंद टाकी आणि शोषक मनोरा या तिन्ही गोष्टी नसतील तर सल्फाइडची पिशवी आवारात आणू नये.

जस्त आणि निकेल यांच्याबद्दल फार आशा देणे बरोबर होणार नाही. कागदावर निकेल पीएच ७.४ च्या पुढे पडू लागते आणि तोपर्यंत जस्त लिटरमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत उतरलेले असते, परंतु प्रत्यक्षात जस्ताचा गाळ निकेल ओढून नेतो. दोन्ही एकत्रच ९.५ ला पाडा, गाळून घ्या आणि ताजी ओली वडी १५ ते २० टक्के कॉस्टिकच्या थोड्या द्रावणात ढवळा. जस्त झिंकेट होऊन विरघळते, निकेलचा फिकट हिरवा गाळ मागे राहतो. वडी शिळी झाली की जस्त नीट सुटत नाही. याच गुणामुळे मुख्य टाकीत पीएच ११ च्या वर गेला तर पडलेले जस्त पुन्हा पाण्यात उतरते, तिकडे लक्ष असू द्या. निकेल मागे राहिले का हे पाहायला डायमिथाइलग्लायऑक्झाइम या अभिकारकाइतकी चांगली खूण नाही: थोडा अमोनिया, दोन थेंब अभिकारक, आणि गुलाबी-लाल गाळ. लोह असेल तर आधी टार्टरेट घालावे, नाहीतर त्याचा तांबूस गाळ फसवतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगायेव यांनी १९०५ साली सांगितलेली ही परीक्षा अजून कोणी बाजूला सारलेली नाही.

बाहेर सोडायच्या पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मर्यादा तांबे ३, निकेल ३ आणि जस्त ५ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा आहेत, आणि पीएच ५.५ ते ९. म्हणजे ९.५ ला गाळलेले पाणी सोडण्यापूर्वी खाली आणावे लागते, आणि ते गाळल्यानंतरच आणायचे, आधी नाही. या पट्ट्यातले पाणी जगबुडी आणि वाशिष्ठीवाटे दाभोळच्या खाडीला जाते. खाडीतल्या शिंपल्यांमधली कालवे पाण्यातले तांबे आणि जस्त अंगात साठवून ठेवतात, पाण्यात ते अगदी थोडे असले तरी. आणि ती कालवे खाणारी माणसे आपलीच आहेत. म्हणून मर्यादेच्या आत आलो एवढ्यावर तुम्ही थांबू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

टाकीवर जाण्याआधी २५० मिलिलिटरवर हे सगळे एकदा करा. मीटर रोज ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या. लोहाच्या कामात काचेच्या इलेक्ट्रोडवर तांबूस थर बसतो आणि मीटर खोटे सांगू लागतो, तो थर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून काढावा. गरम पाण्यातला नमुना थंड करून मोजा. प्रत्येक टप्प्यावर गाळ आणि गाळलेले पाणी दोन्ही तपासा, आणि दोन्हींची बेरीज मूळ आकड्याशी जुळते का ते पाहा. जुळली नाही तर पुढचा टप्पा करू नका. गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी सुईसारखे पांढरे स्फटिक दिसले तर ते जिप्सम आहे, त्याची काळजी नाही. पीएच ६ च्या बाटलीत पांढरा, कापसासारखा हलका साका दिसला तर ते जस्त आहे, आणि तांब्याचा टप्पा ५.८ ला थांबवून पुन्हा करावा लागेल.